फकरुद्दीन मुकादम, इंजि. (बहारीन)

मे महिन्यात आमच्या कट्टा गावात शहाणं माणूस काम करत नाही. फणस फोडतं, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांची अंथरुणं-पांघरुणं काढतं आणि दुपारी पंख्याखाली आडवं होतं. यंदा मी मात्र शाळेच्या हॉलमध्ये तीस मुलांना थर्माकोल कापायला लावून उभी होते. वय छप्पन्न, दोन्ही गुडघे कुरकुरणारे आणि हॉलचा एक पंखा बंद. झालं असं, की चिपीच्या नव्या विमानतळावर विमानं उतरायला लागल्यापासून आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना विमानाचा ध्यास लागला होता. "आपण नववी-दहावीच्या मुलांसाठी विमानविद्येचं उन्हाळी शिबिर घेऊ," असं त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तेहतीस वर्षं विज्ञान शिकवल्याची शिक्षा.

शिकवायला माझाच जुना विद्यार्थी देवेश आला. तो तारकर्लीचा. बंगळूरला विमानाच्या पंखांवर काम करतो. घरच्या खोल्या पर्यटकांनी भरलेल्या असताना हा पाच दिवस कट्ट्याला येऊन पोरांना ग्लायडर शिकवतो म्हणून त्याची आई माझ्यावर रागावली होती. रागावू दे. सगळ्या शिबिरात विषय जाणणारा एक तरी माणूस हवा होता. अध्यक्षांचं तेवढ्यानं भागेना. शेवटच्या दिवशी प्रमुख पाहुणा हवा आणि तो इथलाच हवा. मी फारसा विचार न करता नाव सांगून टाकलं: फकरुद्दीन मुकादम.

आता हा माणूस कोण, ते सांगते. बाजारातून शाळेकडे येताना उजव्या हाताला निळ्या रंगाचं घर लागतं. त्याच्या पडवीत बाकावर पांढऱ्या दाढीचा, इस्त्रीच्या शर्टातला एक सडपातळ माणूस बसलेला दिसतो. ते फकरुद्दीनचाचा. वय सहासष्ट. बाविसाव्या वर्षी बहारीनला गेले, तिथल्या विमानतळावर एकतीस वर्षं काढली आणि तेरा वर्षांपूर्वी कायमचे परत आले. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे 'इंजिनियरचाचा' म्हणतात.

ते इंजिनियर नव्हते. मला हे शिबिराच्या चौथ्या दिवशी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. लपवून ठेवलेली गोष्ट माणसाचं काय करते, ते मी त्यांच्याकडे पाहिलंय, आणि माझ्यात तेवढी ताकद नाही. चाचा विमानं पुसायचे. विमान उतरलं, प्रवासी बाहेर पडले, की आठ-दहा माणसं फडकी आणि पिशव्या घेऊन आत शिरायची. सीटा, खिडक्या, संडास, कुणाची ओकारी, कुणाचा सांडलेला चहा. चाळीस मिनिटांत सगळं लख्ख करून मागच्या शिडीनं खाली उतरायचं, तोवर पुढचं विमान येऊन उभं. एकतीस वर्षं हेच.

मग इंजिनियर झाले कसे? आमच्या इथल्या छापखान्यात झाले. धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका छापायला त्यांचे वडील गेले, तेव्हा चाचा बहारीनला होते. आमच्याकडे पत्रिकेत नावापुढे कंसात मुक्काम घालतात: (मुंबई), (पुणे), (कुवेत). लोक नावाआधी कंस वाचतात. प्रेसवाल्यानं मुलाचं विचारलं, "झिल काय करता?" वडील म्हणाले, "बहारीनाक विमानात असता." प्रेसवाल्याला एवढं पुरे झालं. परदेशातल्या माणसाला नुसता कंस शोभत नाही, म्हणून त्यानं स्वतःच्या अकलेनं मध्ये 'इंजि.' घातलं. वडिलांनी वाचलं, त्यांना ते आवडलं, आणि पत्रिका वाटून झाल्या.

चाचा लग्नाला रजेवर आले, तर बहिणीच्या सासरची मंडळी त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन उभी. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा काय बोलणार? खरं सांगावं तर बाप खोटा पडतो आणि बहिणीच्या लग्नात विघ्न येतं. गप्प बसले. वर्षभरानं त्यांचं स्वतःचं लग्न ठरलं, तेव्हा त्या पत्रिकेतही 'इंजि.' आलं. पुढे मुलीच्या लग्नातही आलं. बायकोला, म्हणजे जन्नतबींना, पहिल्याच रजेत कळलं. बॅगेच्या तळाशी त्यांचा कामावरचा डगला सापडला, त्याच्या पाठीवर इंग्रजीत आणि अरबीत सफाईकामाचं नाव छापलेलं होतं. जन्नतबींनी उर्दू शाळेतल्या चार इयत्तांच्या जोरावर ते लावून लावून वाचलं, डगला फाडून त्याची भांडी पुसायची फडकी केली आणि त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही.

खरा छळ सुरू झाला तो कायमचे परत आल्यावर. आठ दिवसांत शेजारच्या रुक्मिणीवहिनी मिक्सर घेऊन हजर. "चाचा, तुमी विमाना दुरुस्त केल्यात, ह्यो मिक्सर तुमका काय भारी?" चाचांना मिक्सरचं झाकणसुद्धा नीट बसवता येत नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? "ठेवा थंय, बगतंय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मिक्सर नायलॉनच्या पिशवीत घातला, वर टॉवेल टाकला आणि अकराच्या गाडीनं निघाले. कुडाळला किंवा कणकवलीला दिला तर कुणीतरी ओळखीचं भेटणार. म्हणून कट्ट्याहून कसाल, कसालहून कणकवली, कणकवलीहून फोंडाघाट अशा तीन गाड्या बदलून तिथल्या गणपत नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. मिक्सर चालू करून घेऊन संध्याकाळी परत. वहिनींनी पैसे विचारले, तर "शेजाऱ्याकडसून कसले पैशे?" म्हणाले.

झालं. गावभर नाव झालं. मग पंखे आले, इस्त्र्या आल्या, एकदा तर पाण्याचा पंप आला. तेरा वर्षं हा माणूस लोकांची बिघडलेली यंत्रं पिशवीत घालून घाटाच्या पायथ्यापर्यंत नेत होता आणि आणत होता. उन्हापावसात. मीसुद्धा माझी इस्त्री दिली होती. परत आणून दिली तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. मला वाटलं, पडवीत उकडत असेल.

तर अशा माणसाला मी प्रमुख पाहुणा करायला गेले. चाचा म्हणाले, "माका बोलूक येणा नाय, बाई." मी म्हटलं, दोन शब्द बोला. म्हणाले, "तब्येत बरी नाय." मी म्हटलं, आणायला रिक्षा पाठवते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "दुसऱ्या कोणाक तरी बोलवा." माझं डोकं आधीच तापलेलं. थर्माकोल आला नव्हता, अध्यक्ष दिवसातून चार फोन करत होते. मी म्हटलं, "चाचा, आता भाव खाव नकात. पोरांसाठी येवक व्हया." ते बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली. मी तो होकार समजून तडक प्रेसमध्ये गेले आणि बॅनर सांगून आले. प्रेसवाला जुन्याचाच मुलगा. मजकूर मी माझ्या हातानं लिहून दिला: प्रमुख पाहुणे, विमान इंजिनियर श्री. फकरुद्दीन मुकादम (बहारीन). कंससुद्धा विसरले नाही.

आता नाझनीनबद्दल सांगायला हवं, कारण सगळा जीव तिच्यात अडकलेला होता. नाझनीन म्हणजे चाचांच्या मुलीची मुलगी. आई-बाप मस्कतला, ही आजोळी राहून आमच्या शाळेत शिकते. यंदा दहावीत गेली. गणितात तल्लख, बोलायला फटकळ, आणि पाचवीपासून एकच धोशा: मी विमानाची इंजिनियर होणार. का? तर नाना होते म्हणून. निबंधात तेच, वक्तृत्वात तेच. शिबिराच्या पहिल्या दिवशी देवेशनं ओळख विचारली, तर स्वतःचं नाव सांगायच्या आधी तिनं सांगितलं, "सर, माझे नाना विमानाचे इंजिनियर होते."

देवेशचे डोळे चमकले. "अरे वा! इंजिनवर होते की बॉडीवर?"

"विचारून सांगते," नाझनीन म्हणाली. घरी जाऊन तिनं विचारलंही. चाचा जेवत होते. "सगळ्यावर," म्हणाले आणि पाणी प्यायले. तसं ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून चाचा स्वतःच शिबिरात यायला लागले. सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून हॉलच्या मागच्या बाकावर बसायचे आणि खिशातल्या छोट्या डायरीत काहीतरी लिहीत राहायचे. देवेश फळ्यावर पंखाची आकृती काढायचा, वारा वरून कसा जातो, खालून कसा जातो ते दाखवायचा, पुठ्ठ्याच्या पंखावर पंखा सोडून तो कसा उचलला जातो ते मुलांना हातात धरायला द्यायचा. मुलं जांभया देत. चाचा देत नसत. मला वाटलं, जुना जाणकार माणूस, पोरगा बरोबर शिकवतो की नाही ते तपासत असेल. मला त्यांचं कौतुकही वाटलं आणि थोडा रागही आला, की एवढं येतं तर पुढे येऊन शिकवायला काय होतं? दमलेल्या माणसाला दमलेला माणूस ओळखता यायला हवा. मला नाही ओळखता आला, त्याची खंत अजून जात नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मुलं जेवायला गेली. आमचा शिपाई दाजी बॅनर घेऊन आला आणि हॉलच्या दारावर बांधायला लागला. मी जमिनीवर बसून थर्माकोलचे तुकडे गोळा करत होते. चाचा आले, बॅनरसमोर उभे राहिले, वाचला, आणि माझ्यापाशी येऊन खाली बसले. गुडघे धरत बसले, माझ्यासारखेच.

"बाई, एक सांगूचा आसा."

"सांगा."

"ता नाव काढून टाका. मी इंजिनियर नाय. मी विमाना पुशी होतंय."

"पुशी होतंय म्हणजे?"

"फडक्यान," ते म्हणाले, आणि हवेत हात फिरवून दाखवला.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. जे मी तुम्हाला वर सांगितलं ते. पत्रिका, डगला, मिक्सर, गणपत. डायरीही दाखवली. पानभर मराठीत शब्द लिहिलेले: लिफ्ट, ड्रॅग, तोल, शेपूट. पुढे अर्थ लिहायला जागा सोडली होती, ती बरीचशी रिकामी होती. चार दिवसांत इंजिनियर व्हायला बसला होता हा माणूस.

"नाझनीनक म्हायती आसा?" मी विचारलं.

"नाय. तेकाच म्हायती नाय. माझ्याकडे बगून ता चेडू शिकाक लागला. माझा खोटा समाजला तर तेचा मन मोडतला." डायरी मिटून खिशात घातली. "मी थकलंय, बाई. काम करून थकूक नाय कधी. लोकांचे मिक्सर न्हेवन न्हेवन थकलंय."

राग आला, पण कुणाचा? प्रेसवाला वारला त्याला वीस वर्षं झाली. आणि त्यानं जे तेव्हा केलं, तेच मी गेल्या आठवड्यात माझ्या हातानं कागदावर लिहून दिलं होतं. मी दाजीला हाक मारून बॅनर उतरवायला सांगितला. चाचांना म्हटलं, "उद्या येव नकात. तुमका बरा नाय, असा मी सांगान." त्यांनी मान हलवली. उठताना त्यांनी माझ्या आजूबाजूचे थर्माकोलचे बारीक कण तळहातानं गोळा केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. जमीन स्वच्छ झाली.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही सगळे सड्यावर गेलो. गावाच्या वरच्या अंगाला कातळाचं मोकळं माळरान आहे, झाड नाही, घर नाही. पाच मुलांचा एक असे सहा गट. प्रत्येक गटाचं एक ग्लायडर: थर्माकोलचे पंख, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची काठी आणि पंखांना ताठ ठेवायला माडाच्या पातीचे हीर. ज्याचं ग्लायडर सगळ्यात जास्त वेळ हवेत राहील, त्या गटातल्या एकाला देवेश दिवाळीच्या सुट्टीत बंगळूरला नेऊन खरी विमानं दाखवणार होता. नाझनीनच्या गटानं आपलं नाव आधीच ठरवून टाकलं होतं. नाझनीनचं.

पहिली काही उड्डाणं झाली आणि बघते तर मध्येच घरी पळालेली नाझनीन खालच्या पायवाटेनं वर येतेय आणि तिच्यामागे चाचा. तिनं हात धरून ओढत आणले होते. "मॅडम, नाना म्हणतात बरं नाही. ताप नाही, काही नाही! मी बघितला हात लावून." चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. एवढ्या चढानं त्यांना धाप लागली होती. दाजीनं खुर्ची दिली, ते बसले.

नाझनीनचं ग्लायडर उडालं. म्हणजे उडालं म्हणायचं. नाक वर करून चढलं, हवेत क्षणभर थांबलं आणि शेपटीवर धप्पकन पडलं. तीन सेकंद. दुसऱ्यांदा तेच. पोरं हसली. एकच उड्डाण उरलं. पंखाला धूळ, शेपटीपाशी रात्री घाईत लावलेल्या फेविकॉलचे गोळे. देवेश दुसऱ्या टोकाला एका गटाचा मोडलेला पंख चिकटवत होता. तिच्या गटातला सत्यवान म्हणाला, "गो, तुझ्या नानांका दाखय मा! ते इंजिनियर आसत."

नाझनीन ग्लायडर घेऊन थेट खुर्चीपाशी आली. तिच्या दुसऱ्या हातात शाडूच्या मातीची गोळी होती. सगळी पोरं गोळा झाली. "नाना, ह्या बगा. वर जाता आनी मागे पडता. माती नाकाक लावची काय शेपटेक?"

चाचांनी ग्लायडर मांडीवर घेतलं. खिशातून रुमाल काढला आणि पुसायला लागले. आधी एक पंख, मग दुसरा, कडांनी, खालून, सांध्यांतून. सावकाश, नीट, काही राहू न देता. मी तिथेच उभी होते. मला माहीत होतं ते, त्यांना माहीत होतं ते, आणि बाकी कुणालाच नाही. दोनच शक्यता होत्या, नाक किंवा शेपूट. यांनी कुठेही एक बोट ठेवलं असतं तरी पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पडलं असतं तर वाऱ्याला दोष दिला असता. तेरा वर्षं मिक्सर नेणाऱ्या माणसाला एवढं काही कठीण नव्हतं. ठेवा बोट, मी मनात म्हणत होते, ठेवा आणि सुटा.

पुसून झालं. त्यांनी रुमालाची घडी केली.

"बाय, माका म्हायती नाय."

"म्हणजे?"

"दोनातला खयचाय एक सांगूक येता. पण चुकला तर तुजा विमान पडात." आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी इंजिनियर नाय गो. बहारीनाक मी विमाना पुशी होतंय. माका पुसूक येता, तेवढाच येता. तू तुज्या सरांका विचार."

सत्यवान हसायला लागला आणि माझ्याकडे बघून थांबला. नाझनीनचा चेहरा आधी कोरा झाला, मग कानापर्यंत लाल.

"तुमी माका खोटा सांगलात?"

"खोटा सांगूक नाय," चाचा म्हणाले. "खराय सांगूक नाय."

तिनं ग्लायडर त्यांच्या मांडीवरून ओढून घेतलं आणि वळली. देवेशकडे गेली, दोन शब्द बोलली. त्यानं पंखाखाली दोन बोटं धरून तोल दाखवला, शेपटीकडचे गोळे खरवडायला लावले आणि माती नाकाला लावली. शेवटचं उड्डाण सरळ गेलं. नऊ सेकंद. पोरं ओरडली. चाचा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते. नाझनीननं त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. दुसऱ्या एका गटाचं अकरा सेकंद राहिलं, बंगळूर त्यांच्याकडे गेलं. शाल आणि नारळ माझ्या पिशवीतच राहिले, कारण द्यायच्या वेळी चाचा तिथे नव्हते. एकटेच उतार उतरत गेले होते.

आठ दिवस मी त्या घराकडे फिरकले नाही. शरम वाटत होती, दुसरं काय! नवव्या दिवशी सकाळी शाल-नारळाची पिशवी घेऊन गेले. चाचा बाकावर बसले होते. शर्टाला इस्त्री नव्हती. जन्नतबींनी पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, "चेडू बोलणा नाय. जेवण वाढता, पाणी देता, पण शब्द नाय." आत खोलीचं दार पुढे लोटलेलं होतं.

मी माफी मागितली. चाचा म्हणाले, "तुमी काय केलात? छापलात तेवढा." शाल त्यांनी घेतली, घडी तशीच ठेवून बाकाच्या कडेला ठेवली. मी पदरानं वारा घेत बसले.

तेवढ्यात फाटकातून रुक्मिणीवहिनी आल्या. काखेत मिक्सर. त्यांना पाहून चाचांनी डोळे मिटले.

"चाचा, पुन्ना बंद पडलो बगा. पाट्यार वाटून वाटून खांदो गेलो माझो."

चाचांनी डोळे उघडले. "वयनी, माका मिक्सर दुरुस्त करूक येणा नाय. कधीच येय नाय."

"ता माका म्हायती आसा," वहिनी म्हणाल्या आणि मिक्सर पायरीवर ठेवला. "तुमी फोंड्याक गणपताकडे न्हेतात. माझो भाचो अकराच्या गाडीर कंडक्टर आसा मरे, फोंड्याच्या गाडीचे कंडक्टर तेचे दोस्त. निम्म्या गावाक म्हायती आसा."

चाचांनी विचारलं, "मगे सांगूक नाय कित्या?"

"काय सांगतलंय? माका वाटला, एवढ्या मोठ्या विमानाच्या इंजिनियराक मिक्सर येणा नाय ह्या सांगूक लाज वाटता आसात. आनी आता तर तुमी इंजिनियरच नाय म्हणतात!" वहिनी खऱ्याच काळजीत पडल्या होत्या. "मगे ह्यो आता खंय न्हेवचो?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. तेरा वर्षं हा माणूस टॉवेलाखाली जे लपवत होता, ते निम्म्या गावाला माहीत होतं. त्यांचं ओझं बघून कुणीही "ठेव रे खाली" म्हटलं नाही, कारण प्रत्येकाला आपापला मिक्सर दुरुस्त होऊन हवा होता. मलासुद्धा इस्त्री हवी होती. कुणाला काही विचारायचं नाही हाच आमच्या गावाचा चांगुलपणा, आणि मला त्याची त्या दिवशी चीड आली.

चाचा उठले. सवयीनं. खुंटीवरची नायलॉनची पिशवी काढली, टॉवेल शोधायला लागले. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

आतलं दार उघडलं. नाझनीन बाहेर आली. तिनं नानांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि परत खुंटीला लावली. मग शिलाई मशीनच्या खणातून नानीचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, पायरीवर बसली, मिक्सर उलटा केला आणि खालचे स्क्रू खोलायला लागली. एक स्क्रू गंजला होता, तो हलेना. जोर लावून लावून तिचे ओठ पांढरे पडले. शेवटी तो हलला. तळाचं झाकण निघालं. आत वाळून काळं झालेलं वाटण, पिठाची धूळ, झुरळाचे पंख. रुक्मिणीवहिनी लाजल्या.

नाझनीननं नाक मुरडलं आणि वर न बघता म्हणाली, "नाना, हय केदी घाण आसा. फडक्या घेवन येवा. तुमी पुसा, मगे माका दिसात वायर खंय तुटली ती."

आठ दिवसांनी पहिला शब्द तो. चाचा आत गेले, फडकं आणि वाटीभर रॉकेल घेऊन आले, गुडघे धरत तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि पुसायला लागले. फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून सांध्यांतून, कडांनी, खालून. नाझनीन हनुवटी गुडघ्यावर टेकवून त्यांच्या हातांकडे बघत होती. मी तिला वर्गात पाच वर्षं बघतेय. एवढं लक्ष देऊन ती माझ्याकडे कधी बघत नाही.

मिक्सर चालू झाला की नाही, मला माहीत नाही. मी निघाले. फाटकापाशी पोचले तेव्हा अकराची गाडी आली आणि सवयीप्रमाणे घरासमोर हळू झाली. कंडक्टरनं दारातून वाकून पडवीकडे बघितलं, थोडा वेळ वाट पाहिली. चाचांनी मान वर केली नाही. मग त्यानं घंटी मारली.